भागीबाईची टाळू

मळ्यातून, निफाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. आरोहीला तिच्या आजीचा, म्हणजे चंद्रभागाबाईचा, पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं जमलेलंही नाही. मी बोलते आहे आणि शेजारची सुलाबाई लिहिते आहे. तिची सगळी हयात अंगणवाडीत गेली, आता निवृत्त होऊन बसली आहे आणि हात शिवशिवतात. मी तिला म्हटलं, मला शिकवायचं तर तुझ्याकडून राहून गेलं, निदान लिहून तरी दे.

फोन का केला नाही म्हणशील. या घरात फोन करायचा म्हणजे चावडीवर उभं राहून बोलायचं. तुझा बाप दीपक तो स्पीकरवर टाकतो, तुझी आई उज्वला फोडणी घालता घालता कान देते, आणि तुझा भाऊ हर्षल मधेच म्हणतो, आजी, कॅमेऱ्यात बघ. मला कॅमेऱ्यात बघायचं नाही.

कामाचं बोलते. तू दातांची डॉक्टर झालीस, नाशकात माणसं खुर्चीत आडवी करतेस, तर मला एक सांग. आपल्या शेजारच्या भागीबाईचे वरचे दात गेले. दोन राहिलेत, तेही हलतात. खाली पुढचे सहा तेवढे शाबूत. बिचारी लय काळजीत आहे. जेवणाची काळजी नाही, भाकरी दुधात कुस्करली की पोटात जाते. काळजी बागेची. त्यांच्या घरात रीत अशी की द्राक्षाच्या खुड्याला कात्री लागायच्या आधी थोरल्या बाईने मणी तोंडात घालायचा. तिने मान हलवली तर बाग खुडायची, नाहीतर कात्र्या परत पोत्यात. चाळीस वर्षं तिचं तोंड चुकलेलं नाही. आता त्या तोंडात दात उरले नाहीत हे घरात कुणाला ठाऊक नाही. कळलं तर म्हणतील, म्हातारे, बस आता ओट्यावर, आम्ही मीटर लावून गोडी बघतो. आणि एकदा विचारायचं बंद झालं की बाई घरात असून नसल्यासारखी. हे भागीबाई म्हणते, मी नाही.

तर फेब्रुवारीच्या आत तिला दात कसे बसवायचे ते लिही. पत्र सुलाबाईच्या नावावर टाक.

अंगठा: चंद्रभागा


नाशिक
२४ नोव्हेंबर

प्रिय आजी,

तुला नमस्कार, आणि वाचून दाखवणाऱ्या सुलाकाकूंना तुझ्या आधी नमस्कार.

भागीबाईंचं ऐकून वाईट वाटलं. नवलही वाटलं. दिवाळीत त्यांनी माझ्यासमोर अख्खी सुपारी दाढेखाली फोडली होती. वीस दिवसांत तोंड रिकामं झालं म्हणजे फारच वेगाने झालं. शिवाय त्यांच्याकडे तर कांदा असतो. द्राक्षबाग कधी लावली, आणि तीही चाळीस वर्षांपूर्वी? असो. पेशंटला उलटतपासणी करायची नसते.

तर भागीबाईंना सांग. ब्रिज म्हणून एक प्रकार असतो. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात पक्के असले तर ते तासून त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधे खोटा दात पुलासारखा धरायचा. पण पुलाला काठ लागतो, आणि इथे वरचे काठच हलतायत. मग राहते कवळी, आजोबांची होती तशी. तीन-चार फेऱ्यांत तयार होते. फक्त वरची कवळी सगळी टाळू झाकून बसते. टाळूला चिकटते म्हणून तर ती खाली पडत नाही. खाली सहा दात आहेत, त्यांना धरून मागे काढता-घालता येणारी छोटी पट्टी करता येईल.

आणि इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवायचे, हाडाने ते घट्ट धरले की त्यांच्यावर दात. वर चार स्क्रू बसले तर त्यांवर घोड्याच्या नालेसारखी कवळी अडकवता येते आणि टाळू उघडी राहते. पण हाडाला चार-सहा महिने लागतात, आणि आधी साखर आटोक्यात हवी. भागीबाईंना साखर आहे का? त्या मळ्यात कुणाला तरी आहे असं मला पुसट आठवतं.

एक त्यांना नीट विचार. मण्याची पारख दाताने होते की टाळूने? उपाय त्यावर ठरेल.

तुझी आरोही


मळ्यातून, निफाड
२ डिसेंबर

चि. आरोहीस आशीर्वाद.

सुपारीचं तू लिहिलंस ते भागीबाईला मी सांगितलं नाही. उगाच नजर लागायची तिच्या दातांना. म्हणजे होते तेव्हाच्या दातांना.

पूल नको. खिळे मात्र भागीबाईला पसंत पडले. फक्त सहा महिने कसले लागतात? द्राक्षं सहा महिने वेलावर थांबतील होय? एवढ्यात तर तुझ्या आजोबांनी बागेला मंडप घातला होता, विहीर धरून.

पारखीचं विचारलंस. भागीबाईने तीन दिवस विचार केला. चाळीस वर्षांत कुणी तिला हे विचारलं नव्हतं, सगळे फक्त निकाल विचारायचे. ती म्हणते, साल दाताखाली फुटते तेव्हा आवाज कळतो, तेवढंच. खरं कळतं ते रस टाळूला लागला की. आधी गोड येतं का आंबट, आणि गिळल्यावर मागे काय राहतं. मागे आंबट राहिलं तर माल कच्चा, मग मीटर काही का म्हणेना. म्हणून तिला टाळू झाकायची भीती वाटते आणि दात नसल्याचीही लाज वाटते. अशी दोन्हीकडून अडकली आहे.

साखरेचं म्हणशील तर ती सकाळी एक गोळी घेते. निळ्या डबीतली. माझ्यासारखीच डबी आहे तिची.

अंगठा: चंद्रभागा

आरोही, हे मी सुला लिहिते आहे. आजी समोर बसल्या आहेत आणि मी पत्ता लिहिते आहे असं त्यांना वाटतंय. दात कुणाचे गेले ते तू ओळखलंच आहेस. पण पुढचं तुला ठाऊक नाही. तुझ्या आजोबांची, कारभारीअण्णांची वरची कवळी आजींनी तीन वर्षं पेटीत जपली आहे. रामकुंडात अस्थींबरोबर सोडायला दिली नाही. दिवाळी झाल्यापासून त्या तीच घालतात. मोठी होत होती म्हणून पाट्यावर घासून बारीक केली. दोन दात मधे येतात म्हणून तिला सुरीने खाचा पाडल्या. सुटू नये म्हणून लाडवाचा डिंक भिजवून लावतात. हिरड्यांना फोड आलेत. माझं ऐकत नाहीत. मी सांगितलं हे सांगू नकोस.


नाशिक
७ डिसेंबर

प्रिय आजी,

भागीबाईंना तपासल्याशिवाय मला पुढे काही सांगता येणार नाही. त्यांना घेऊन नाशिकला ये. घरी सांग की सुलाकाकूंच्या चष्म्याचा नंबर काढायचाय आणि सोबतीला तू चालली आहेस.

तुझी आरोही

सुलाकाकू, इथून पुढचं आजीला वाचू नका. ती कवळी आजच्या आज काढून घ्या. दुसऱ्याच्या मापाची कवळी म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल, आणि ती चप्पल जखमेवर. वर डिंक. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीनदा चुळा भरायला लावा. फोड पंधरा दिवसांत बसले नाहीत तर मला तिथे यावं लागेल. साखर तपासून घ्या. रागावू मात्र नका. मला वाटतं बागेचं सगळं निमित्त आहे. तिला चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटते, आणि हे कबूल करण्यापेक्षा तिला बाग पुढे करणं सोपं जातंय. या वयात दिसण्याचं मनाला लागतं, आम्ही क्लिनिकमध्ये रोज बघतो. तिला सांगू की छान दिसशील, मग ती आपोआप येईल. हर्षलकडे मीटर आहे, खुड्याची काळजी तिने आता कशाला करायची?


मळ्यातून, निफाड
१२ डिसेंबर

चि. आरोहीस.

आशीर्वाद आज अर्धाच.

मला अक्षर कळत नाही, पण शाई दिसते. तुझ्या कागदाच्या दोन्ही बाजू काळ्या होत्या आणि सुलाबाईचं वाचन चहा निवायच्या आत संपलं. मी म्हटलं, बाकीची शाई काय शोभेला आहे? ती म्हणाली, डॉक्टर लोकांचं अक्षर मोठं असतं. मी तिचा दुसरा कप परत घेतला. मग तिने सगळं वाचलं, चपलेसकट.

कवळी मी तिला देऊन टाकली. कुठे ठेवली ते ती सांगत नाही. ती का घातली म्हणशील, तर नवरा जिवंत असता तर त्याचं उष्टं ताट मी घेतलंच असतं. दात त्यापेक्षा काय वेगळे? फक्त एकदा पदर सरकला आणि दीपक माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, तू हल्ली बाबांसारखी हसतेस." तेव्हा मात्र मला घाम फुटला.

आता तू जे चुकलीस ते ऐक. मला छान दिसायचं नाही. दिसायचं होतं तेव्हा दिसून घेतलं, तुझ्या आजोबांना विचार, म्हणजे विचारता आलं असतं. बाग निमित्त नाही. हर्षलचं मीटर खोटं बोलतं असं मी म्हणत नाही, पण त्याच्या तोंडात जो मणी द्यावा त्याचंच ते बोलतं. हर्षल उन्हाकडच्या घडाचा वरचा मणी तोडतो, त्याला तो हाताशी येतो म्हणून. घड वरून पिकत येतो. मी सावलीकडचा घड धरते आणि सगळ्यात खालचा मणी घेते, जो सगळ्यांच्या मागून पिकतो. तो झाला तर सगळे झाले. बागेत काय आणि घरात काय, मागे राहिलेल्याला विचारावं.

"खुड्याची काळजी तिने आता कशाला करायची," हे तू लिहिलंस. मला भीती होती की हे वाक्य दीपकच्या तोंडून ऐकायला मिळेल. ते तुझ्याकडून आधी आलं.

सोळा तारखेच्या सकाळच्या गाडीने येते. भागीबाई येणार नाही, तिला सुपारी फोडायची आहे.

अंगठा: चंद्रभागा


नाशिक
२० जानेवारी २०२५

प्रिय आजी,

ते वाक्य मी मागे घेते. खुर्चीत तू तोंड उघडून होतीस म्हणून तेव्हा बोलले नाही, तुला उत्तर देता आलं नसतं आणि ते बरं दिसलं नसतं.

नवी कवळी बसवून आठवडा झाला. कुठे टोचत असेल तर घरी पाट्यावर घासायची नाही, माझ्याकडे यायचं. रोज झोपताना काढून पाण्यात ठेव. दोन्ही बाजूंनी सारखं चाव. ते दोन दात काढताना तू हूं की चूं केलं नाहीस, पण सुलाकाकू म्हणतात त्यांचा हात अजून दुखतोय.

स्कॅन बघितला. चार स्क्रूंपुरतं हाड आहे. साखर जरा खाली आली की खुडा उरकल्यावर ते काम करू. पुढच्या हंगामात तुझी टाळू उघडी असेल. एवढा एक हंगाम कवळीवर काढ.

घरी सगळे काय म्हणाले? पप्पांना आवडली का?

तुझी आरोही


मळ्यातून, निफाड
२ फेब्रुवारी

चि. आरोहीस पूर्ण आशीर्वाद.

घरी कुणी काही म्हणालं नाही, कारण घरी कुणाला सांगितलेलंच नाही. दार लावून काढते, दार लावून घालते. बाकी वेळ तोंडावर पदर.

तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. बसली आहे घट्ट, टोचत नाही, भाकरीचा पापुद्रासुद्धा तुटतो. पण तोंडात पत्र्याचं छप्पर घातल्यासारखं झालं आहे. चहा गरम आहे हे घशात गेल्यावर कळतं. परवा उज्वलाने कारल्याची भाजी केली होती. मी मुकाट्याने खाल्ली, कडू लागलीच नाही नीट. तिला वाटलं मला आवडली, तेव्हापासून तीन दिवस कारलंच चालू आहे. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल.

काल बागेत एकटी गेले आणि सावलीकडचा मणी तोंडात घातला. साल फुटली, आवाज छान झाला. नंतर काहीच नाही. रस छपरावरून पन्हाळीने वाहून जावा तसा घशात गेला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मूठभर खाल्ले. पिकले आहेत की नाहीत, मला सांगता येईना गं. घाबरले मी. दात नव्हते तेव्हा एवढी घाबरले नव्हते.

खुडा सतराला धरला आहे. व्यापारी धोंडीराम गाडी घेऊन येणार, मजूर येणार, सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. काय करू?

अंगठा: चंद्रभागा


नाशिक
७ फेब्रुवारी

प्रिय आजी,

कवळीवर हळूहळू चव सुधारते, पण सतरापर्यंत नाही. खोटं सांगणार नाही.

दंतवैद्य म्हणून मला दोनच रस्ते दिसतात. कवळी ठेव आणि अंदाजाने मान हलव, कुणाला कळणार नाही. किंवा कवळी काढ आणि चाख, सगळ्यांना कळेल. तूच म्हणालीस की पारख टाळूने होते. तुझी टाळू जागेवर आहे, फक्त तिच्यावर मी झाकण ठेवलंय.

पप्पांना मी आधी फोन करून सांगू का? तू नको म्हणशील म्हणून विचारतेय.

तुझी आरोही


मळ्यातून, निफाड
२४ फेब्रुवारी

चि. आरोहीस आशीर्वाद.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. आता ऐक. सुलाबाई, तू मधे रडू नकोस, शाई फुटेल.

सतराला सकाळी सगळे बागेत जमले. पेठकडचे मजूर क्रेट घेऊन उभे, धोंडीरामची गाडी बांधाला. हर्षलने मीटर लावलं आणि म्हणाला, "अठराच्या वर आहे, आजी. तू फक्त हो म्हण." फक्त हो म्हण. मी मणी घेतला, कवळीने फोडला. आवाज सगळ्यांनी ऐकला. धोंडीराम तर म्हणाला, "काय दात आहेत मावशींचे, या वयात."

मला कळलं काहीच नाही. हो म्हणणं लय सोपं होतं. मान अर्धी हललीही होती. पण तोंडातही खोटं आणि तोंडातून निघायचं तेही खोटं, एवढं एका तोंडात मावेना. मी पदर बाजूला केला, कवळी काढली आणि हर्षलला म्हटलं, "धर."

त्याने हात पुढे केला होता तो मणी घ्यायला. तळहातावर माझे दात बघून तो तसाच उभा राहिला. दीपक बघत राहिला. उज्वलाने तोंडावर हात ठेवला. कुणी हसावं का रडावं हे ठरेना, तेवढ्यात मजुरांमधली शकुबाई मोठ्याने हसली. हसताना तिचं तोंड दिसलं, माझ्याहून रिकामं. मग मीही हसले. चार महिन्यांनी तोंड उघडून हसले, गार वारा लागला आत.

मग मी माझ्या रीतीने सावलीकडे गेले, घड धरला, खालचा मणी घेतला आणि जिभेने टाळूवर चिरडला. दातांची गरज काय होती ते मला अजून समजलेलं नाही. आधी गोड आलं. गिळला, आणि मागून आंबट उभं राहिलं.

मी म्हटलं, "चार दिवस."

हर्षल म्हणाला, "आजी, मीटर अठरा दाखवतंय." धोंडीराम म्हणाला, "अहो, गाडी आणली आहे, माणसं आली आहेत." दीपक एकदा हर्षलच्या हातातल्या दातांकडे बघे, एकदा माझ्याकडे. बोळक्या तोंडाची आई त्याने पहिल्यांदा बघितली होती. मला वाटलं, आता म्हणेल, आई, तू जा घरी.

तो धोंडीरामला म्हणाला, "एकवीसला आणा गाडी. आईने सांगितलं ना."

एवढंच म्हणाला. मजुरांना त्याने शेजारच्या बागेवर लावून दिलं.

घरी आल्यावर उज्वलाने मला धरलं. म्हणाली, "आत्याबाई, चार महिने तोंडावर पदर धरून बोलत होतात, मला वाटलं माझ्यावर रुसलात. रोज भाजीत काय चुकलं ते शोधत होते मी. एक कारलं तेवढं आवडलं म्हणून तेच करत राहिले." दोघींनी मिळून उरलेलं कारलं गायीला घातलं. तिनेही खाल्लं नाही.

खिळे बसवायला मी येते. साखर उतरली आहे, सुलाबाईने कागद जोडला आहे. पण बागेसाठी म्हणून नको बसवू. बागेचं माझं दातांवाचून चाललं. मला ऊस सोलून खायचा आहे, बांधावर बसून. चालतो का ते विचारत नाही, सांगून ठेवते. तोवर तुझी कवळी भाकरीला वापरते, आणि आता दार न लावता काढते.

एकवीसला बाग खुडली. त्याआधी, अठराच्या संध्याकाळी हर्षल एकटाच बागेत दिसला. सावलीकडच्या घडाचा खालचा मणी पिळून मीटरवर बघत होता. सोळा आलं, हे त्यानेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, मला शिकव."

मी त्याला घडापाशी नेलं. डोळे मिटायला लावले, मणी तोंडात दिला. त्याने लय वेळ विचार केला आणि म्हणाला, "गोड आहे."

मी म्हटलं, "गोड तर मुंगीलाही कळतं. मागून काय आलं?"

"काही नाही आलं."

दुसरा दिला. तिसरा दिला. बत्तीस दात आहेत मेल्याला, आणि एकालाही काही कळेना. शेवटी कंटाळून म्हणाला, "तुला हे यायला किती दिवस लागले?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षं. आणि सव्वीस दात."

अंगठा: चंद्रभागा